डब्याआधी तराजू : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : निरोगी खेळाडूंच्या कामगिरीवरील संशोधनासाठी ठाण्यात चाचणी केंद्र उभारण्याबाबत

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

दादोजी कोंडदेव क्रीडांगणावर सरावाला येणाऱ्या किंवा नेरुळ-वाशीच्या जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोराला ‘काय घेतोस?’ विचारले, तर पूरकाच्या (ताकद किंवा दमासाठी घ्यायच्या पावडरी-गोळ्यांच्या) डब्याचे नाव लगेच येते. ‘घ्यायला लागल्यापासून किती फरक पडला?’ यावर मात्र तोही गप्प आणि त्याचे सरही गप्प. कारण डबा घेण्याआधी काही मोजलेलेच नसते.

जगभरातले संशोधन या बाबतीत बरेच पुढे गेले आहे, आणि त्याचा निष्कर्ष दुकानदारांना फारसा सोयीचा नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या सहमतीपत्रात कामगिरीवर थेट परिणाम करणारी, पुरेसा पुरावा असलेली पाचच पूरके आहेत : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट (म्हणजे बीटाचा रस), बीटा-अलॅनिन (एक अमिनो आम्ल, बीटाशी संबंध नाही) आणि सोडियम बायकार्बोनेट, अर्थात खाण्याचा सोडा. त्यांचाही उपयोग ठरावीक मात्रेत आणि ठरावीक खेळात.

कॅफिनची मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी. ६० किलोच्या खेळाडूला १८० ते ३६० मिलिग्रॅम झाले. किलोमागे ९ मिलिग्रॅमच्या पुढे फायदा वाढत नाही. हात थरथरतात, छातीत धडधडते. शिवाय घेतलेल्यापैकी निम्मे कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात. रात्री आठच्या कबड्डी सामन्यासाठी सातला घेतलेली गोळी मध्यरात्री अर्धी अंगात असते, आणि सकाळी पुढचा सामना असतो. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले तर साधारण चार आठवड्यांत स्नायूंतला साठा भरतो. मांस-मासे न खाणाऱ्यांचा मूळ साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. पण स्नायूत पाणी धरल्याने वजन किलो-दीड किलोने वाढते. वजनगटात खेळणाऱ्या कुस्तीगिराला हे तराजूवर उभे राहिल्यावर कळले तर काय उपयोग? मूत्रपिंडाच्या तपासणीत बघतात ते रक्तातले क्रिएटिनीनही थोडे वाढलेले दिसते आणि घरचे मूत्रपिंडाच्या काळजीने हवालदिल होतात. बीटाचा रस दोन-तीन तास आधी घ्यायचा, पण त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर नायट्रेटचे रूपांतर करणारे तोंडातले जंतूच मरतात आणि रस वाया जातो. सोड्याबद्दल एवढेच की किलोमागे ०.३ ग्रॅम ही मात्रा कोणीही पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी घेऊ नये. पोट ऐकत नाही.

मग ठाण्यात वेगळे संशोधन कशाला? कारण यातले बहुतेक प्रयोग तरुण पुरुषांवर, परदेशात, थंड खोलीतल्या सायकलवर झालेले आहेत. आपल्याकडे मुली जुलैच्या दमट हवेत धावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या धावपटूचे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तळाला गेले आहे, तिला बीटा-अलॅनिन देणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे. ‘निरोगी खेळाडू’ हा शब्द वापरण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासलेच पाहिजे.

प्रयोग कसा फसतो, हे सांगायला हवे, कारण घाईने काढलेल्या शासन निर्णयात नेमके हेच सुटते. हाताच्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ विद्युत यंत्रापेक्षा साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते, आणि दर वेळी तेवढीच कमी भरेल याचीही खात्री नाही. ३० मीटरला ४.२ सेकंद घेणारा खेळाडू २ टक्क्यांनी सुधारला तर फरक पडतो ०.०८ सेकंदाचा. अंगठ्याच्या चुकीत तो बुडून जातो. म्हणून टायमिंग गेट (खेळाडू किरण ओलांडताच आपोआप वेळ नोंदवणारे खांब) हवेत. पहिली चाचणी हिशेबात धरायची नाही, कारण दुसऱ्या खेपेला माणूस सरावानेच सुधारतो आणि श्रेय पावडरीला जाते. तुलनेसाठी द्यायची, औषध नसलेली बनावट मात्रा खऱ्यापेक्षा वेगळी ओळखू येता कामा नये : कॅफिन कडू लागते, तेव्हा कॅप्सूल, बीटा-अलॅनिनने अंगाला मुंग्या येतात, तेव्हा मात्रा लहान भागांत. शेवटी प्रत्येकाला ‘तुला काय दिले असे वाटते?’ हे विचारून लिहून ठेवायचे. कॅफिनचा प्रयोग त्याच खेळाडूंवर आठवड्याच्या अंतराने उलटसुलट (एकदा खरी मात्रा, एकदा बनावट) करता येतो. क्रिएटिनचा तसा जमत नाही, कारण ते उतरायला महिना-दीड महिना लागतो. तिथे दोन वेगळे गट करावे लागतात. चाचणीची वेळ तीच, आदल्या दिवसाचे जेवण तेच. प्रयोगाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधीच करायची, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हा निकाल कपाटात जाणार नाही. अठरा वर्षांखालील मुलांवर पूरकांचे प्रयोग नकोतच.

आमच्या मते पहिला प्रयोग कुठल्याच पावडरीचा नसावा, उकाड्याचा असावा. उष्णतेला शरीर सरावले की दमसास वाढतो, आणि हे फुकट आहे. १० ते १४ दिवस, रोज ६० ते ९० मिनिटे, घाम फुटेल असा व्यायाम. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, वाढतो, मग घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून नुसते तापमान बघून चालत नाही. दमटपणा आणि ऊनही धरणारे वेट बल्ब ग्लोब तापमान मोजावे लागते : ओल्या कापडात गुंडाळलेल्या बल्बच्या तापमानाचे ०.७ पट, उन्हातल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाचे ०.२ पट आणि हवेच्या तापमानाचे ०.१ पट यांची बेरीज. समजा ते अनुक्रमे २७, ४० आणि ३२ अंश असले, तर उत्तर ३०.१ येते, आणि त्यात जोरदार सराव घेणे धोक्याचे आहे. मोबाइलवर मात्र ‘३२ अंश’ एवढेच दिसते. वर्षा मॅरेथॉन भरवणाऱ्या शहरात हे यंत्र प्रत्येक मोठ्या मैदानावर असायला हवे.

भेसळीचा प्रश्न वेगळाच. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ पूरके तपासली तेव्हा ९४ मध्ये लेबलवर नसलेली स्टेरॉइडजन्य द्रव्ये निघाली. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. डब्यावरचा अन्नसुरक्षा परवाना म्हणजे उत्तेजकमुक्तीचा दाखला नव्हे, हे पालकांना ठाऊक नसते. उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात असे द्रव्य सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच, हेतू असो वा नसो. म्हणून शासकीय पैशाने पूरक द्यायचेच असेल, तर प्रत्येक बॅच तपासलेलीच घ्यावी अशी अट निविदेत घाला.

मागणी मोठी नाही. व्यायामशाळा विकास अनुदानाच्या यादीत डंबेल-मल्टिजिमबरोबर टायमिंग गेट, हृदयगती पट्टे, अचूक वजनकाटा आणि वेट बल्ब यंत्र यांनाही जागा द्या. ठाण्यात एक केंद्र आणि त्यावर पूर्णवेळ व्यायामशास्त्रज्ञ नेमा. यंत्रे आली आणि चालवणारा नाही, असे झाले तर वर्षभरात त्यांचे भंगार होईल. पहिली चाचणी ऑक्टोबरच्या उकाड्यात घ्यायची, तर नीतिमत्ता समितीची परवानगी आणि खरेदीची निविदा जूनआधी मार्गी लागली पाहिजे.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही मैदानी प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि क्रीडा-आहारतज्ज्ञ