मास्तर, बाबांना पाणी मागता येईना तेव्हा…

आदरणीय मास्तर,
ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर येईल आणि तो तुम्हाला वाचून दाखवील. त्याला म्हणावं, घाई करू नको, मास्तरांना हळू वाचलेलं आवडतं. चारचौघांत लिहिते आहे, कारण गावाला प्रार्थना शिकवणारे मास्तर म्हणून तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आमच्या घरापुरतंच राहू नये असं मला वाटतं.

मागच्या वर्षी सोयाबीन सोंगणीच्या धामधुमीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अमरावतीहून नवव्या दिवशी घरी आणलं, तेव्हा तोंडातून फक्त ‘हो हो’ निघायचं. पाणी हवं असलं तरी हो हो, कूस बदलायची असली तरी हो हो. मी नागपूरची नोकरी सोडून धावत आलेली. त्यांच्या उशाशी बसून लहान पोराला शिकवावं तसं ‘म्हणा बाबा, पा-णी’ करत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्या माणसाने मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, त्याला मी काय करत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही आलात. सायकल निंबाला टेकवलीत, पाय धुतलेत, बाजेच्या काठावर बसलात. म्हणालात, “बाई, त्याले काही विचारू नको. मी म्हणतो, तू फक्त बस.” खिशातून जपमाळ काढलीत आणि आनंदाच्या रहस्यांना, म्हणजे येशूच्या जन्माच्या आणि बालपणाच्या पाच प्रसंगांवरच्या माळेला, सुरुवात केलीत. पहिली दहा मण्यांची फेरी तुम्ही आणि आई, दोघंच. दुसऱ्या फेरीत तुम्ही प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग, ‘नमो मारिया’, म्हणून थांबलात आणि आईच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आला. जड, घसरता, पण शब्द पुरे: “आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.” मग ‘आमेन’. आई उठायला लागली, तुम्ही हातानेच तिला बसवलंत, डोळे न उघडता. माळ तुटू दिली नाहीत. पाचव्या रहस्यापर्यंत बाबा प्रत्येक ‘पवित्र मारिया’ला, त्या उरलेल्या अर्ध्या भागाला, सोबत होते. माळ संपली आणि पुन्हा हो हो.

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डाव्या मेंदूला इजा झाली की माणसाला नवं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून घोकलेलं कधी कधी शाबूत राहतं: आकडे, वारांची नावं, गाणी, प्रार्थना. घोकलेलं हा त्यांचा शब्द. बाबांकडून ते घोकून कोणी घेतलं होतं? तुम्ही. बाबा आठ वर्षांचे असताना, आमच्याच ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात.

मास्तर, याच जपमाळेबद्दल दोन वर्षांपूर्वी नाताळला मी तुमच्याशी जे बोलले ते आठवून अजून जीव कासावीस होतो. नागपूरला आमचा प्रार्थनागट होता. गिटार असायची, प्रत्येकाने मनातलं, स्वतःच्या शब्दांत बोलायचं. तिथे मला खरोखर समाधान मिळालं, ते मी आजही नाकारत नाही. पण मी तुम्हाला म्हटलं होतं, तेच ते त्रेपन्न वेळा म्हणण्यात कसली आली प्रार्थना? तुम्ही वाद घातला नाहीत. “म्हणून पाय,” एवढंच बोललात. माझ्या शब्दांवर माझा केवढा भरवसा होता! बाबांचे स्वतःचे शब्द एका सकाळीत गेले, आणि देवाशी बोलायला त्यांच्याजवळ उरले ते तुम्ही दिलेले.

तुम्ही संत फ्रान्सिस दि सेल्स यांची गोष्ट सांगितलीत तीही इथे लिहिते. आपल्या भागात श्रद्धा घेऊन आलेले फादर त्यांच्याच नावाच्या संघाचे, फ्रान्समधल्या आनसीहून आलेले; नागपूरचं कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचं. त्या संतांना मार्टिन नावाचा बहिरा तरुण भेटला. त्याला धर्मशिक्षण देता यावं म्हणून बिशप असूनही ते हातांच्या खुणांनी बोलायला लागले. गोष्ट संपवून तुम्ही बाबांचा डावा हात हातात घेतलात आणि खुणा ठरवल्यात. अंगठा ओठाला लावला तर पाणी. तळहात उलटा केला तर कूस बदला. मूठ छातीवर, तर जपमाळ. तीन दिवसांत बाबांचं हो हो कमी झालं. हे मला सुचलं नव्हतं, दवाखान्यातही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि फादरांना बोलवायचं ठरलं तेव्हा आई किती घाबरली होती! तिच्या लेखी तेल लावायला फादर आले म्हणजे माणूस चालला. पूर्वी त्याला शेवटचं अभ्यंगनच म्हणायचे, त्यात तिची काही चूक नाही. तुम्ही तिला चुलीजवळ बसून समजावलंत की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, १९६५ नंतरच्या काळात, चर्चने हे नीट सांगितलं आहे. हा आजाऱ्याचा संस्कार आहे, बळ मिळावं म्हणून. तुमच्या बालपणी मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती. ती मराठीत आली त्या दिवशी तुमची माय मिस्साभर रडली, हेही तुम्ही त्याच रात्री सांगितलंत. फादर मोटरसायकलवर आले. बाबांच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. उजव्या हाताला काहीच कळत नव्हतं, तरी बाबा त्याच हाताकडे बघत राहिले.

पाच आठवडे तुम्ही रोज चार किलोमीटर सायकल मारत आलात. गावात मिस्सा महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस तुम्हीच. शेवटच्या रात्री बाबांनी काही म्हटलं नाही. आम्ही तिघांनी म्हटलं.

मास्तर, बाबांची माळ माझ्याकडे आहे. तिसऱ्या फेरीतला एक मणी फार पूर्वी हरवला होता, तिथे तुम्ही पोतं शिवायच्या सुतळीची गाठ मारून दिली होती. त्या गाठीवर बोट आलं की मी अजून थबकते. उद्यापासून ऑक्टोबर, माळेचा महिना. पहिल्या शनिवारी ओसरीवर सतरंजी टाकते, शेजारच्या पाचसहा पोरांनाही सांगितलं आहे. कंदील पुसून ठेवला आहे, लाइटीचा भरवसा नाही. तुमच्यासाठी खुर्ची ठेवीन. सायकलवर येऊ नका, मी भावाला गाडी घेऊन पाठवते.

तुमची,
निंबाच्या झाडाच्या घरची पोरगी