शनिवारची सहल : लेकॉक आणि सॉल्झबरी

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारच्या सहलीची ही आठवण. बस सकाळी बरोबर साडेसातला नेहमीच्या ठिकाणाहून सुटेल. कृपया पंधरा मिनिटं आधी या. ऑक्टोबरात दिवस लवकर मावळतो आणि दोन्ही ठिकाणं उजेडात बघायची आहेत.

आधी विल्टशरमधलं लेकॉक. जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे, पण घरांत माणसं राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका, मुलांनाही आधीच सांगा. इथल्या अ‍ॅबीतल्या (म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठातल्या) एका खिडकीचं छायाचित्र फोटोग्राफीचे आद्य संशोधक फॉक्स टॅल्बट यांनी 1835 मध्ये घेतलं. आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह मानतात. ती खिडकी अजून तिथेच आहे, चुकवू नका.

ही अ‍ॅबी एला या सॉल्झबरीच्या सरदारीणबाईंनी 1232 मध्ये स्थापली. त्याआधी 1220 मध्ये सॉल्झबरी कॅथीड्रलच्या पायाचा एक दगडही त्यांनी बसवला होता, आणि त्यांचे पती तिथेच पुरलेले आहेत. म्हणूनच ही दोन ठिकाणं एकाच दिवसात जोडली आहेत.

कॅथीड्रलचा कळस 123 मीटर उंच, ब्रिटनमध्ये सर्वांत उंच. चॅप्टर हाउसमध्ये (कॅथीड्रलच्या सभागृहात) 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. मनोऱ्याला 332 पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालीच 1386 च्या सुमाराचं, तबकडी नसलेलं घड्याळ निवांत पाहावं.

डबा, पाणी, छत्री आणि चांगले बूट आणा. येणं रद्द झालं तर गुरुवारपर्यंत कळवा, प्रतीक्षा यादीत तीन कुटुंबं आहेत.