थाई पाककृती छापताना परसाचाही विचार व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी थाई ग्रीन करी’ ही पाककृती वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. साहित्यात करी पेस्टचे पाकीट, नारळाच्या दुधाचा डबा, बेझिलची पाने, ब्रोकोली, रंगीत ढोबळी मिरची असे दिले होते आणि खाली टीप होती, की हे सर्व मोठ्या मॉलमध्ये मिळते. आपला अंक कोकणात घरोघरी वाचला जातो. ज्यांच्या परसात माड, गवती चहा, हळद, हादगा, शेवगा उभे आहेत त्यांना आपण थाई जेवणासाठी मॉलची वाट दाखवली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

मी मूळची कुडाळ तालुक्यातली. यजमान लाम्फूनच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, म्हणून आम्ही उत्तर थायलंडमध्ये, चियांग माई प्रांतातल्या सारफी इथे राहतो. हा भाग लोंगानच्या बागांचा. लिचीच्या जातकुळीतले हे फळ जुलै-ऑगस्टमध्ये घोसांनी लगडते. आमच्या भाड्याच्या घरामागे थोडी मोकळी जमीन आहे. कुंपणापलीकडच्या आजीबाईंना मी ‘पा’ म्हणते. आपण वयस्क बाईला मावशी म्हणतो तसे इथे म्हणतात. थाई स्वयंपाक मी शिकले तो त्यांच्या परसात, आणि तिथे पहिला धडा चुलीचा नव्हता, मातीचा होता.

कारण हे जेवण पानांचे आहे. उत्तरेकडची केंग खे नावाची आमटी घ्या. तिच्यात नारळ नसतो. विड्याच्या पानासारखे दिसणारे चाफ्लू, काटेरी वेलीचे उग्र वासाचे कोवळे कोंब म्हणजे चाओम, मटाराएवढी कडसर वांगी, चवळीच्या लांब शेंगा, शेवटी ओंजळभर पालेभाजी. ज्या दिवशी परसात जे असेल ते. मला पहिल्यांदा ती वाढली तेव्हा ऋषिपंचमीची भाजी आठवली. बैलाच्या कष्टाचे काही नको, दारचे-परसातले तेवढे चालेल, हा आपला नियम आणि या बायकांची रीत यांत मला फारसे अंतर दिसले नाही. संक्रानच्या सणात, 13 ते 15 एप्रिलच्या नववर्षानंतरच्या दिवशी, इथे घरोघरी कोवळ्या फणसाची आमटी होते. आपल्याकडे त्याच सुमारास कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाचीच, भाजी होत असते.

झाडांची ओळख पटायला वेळ लागत नाही. इथले तक्राय म्हणजे आपला गवती चहा. आपण पाती चहात टाकतो, हे लोक खालचा पांढरा कोंब वापरतात. खा म्हणजे कुलंजन, जे आपल्याकडे आवाज बसल्यावर चघळायला काष्ठौषधींच्या दुकानातून आणतात. हादग्याची फुले इथे चिंचेच्या आंबट आमटीत पडतात, आणि मधला कडू केसर काढून टाकण्याची पद्धत अगदी आपलीच. फाक बुंग ही आपली नाळीची भाजी. गोकर्णाच्या निळ्या फुलांचे सरबत होते, भात रंगवला जातो. केळफूल कच्चेच उभे चिरून नूडल्सच्या ताटलीत ठेवतात. तोंडलीच्या वेलाचे कोवळे शेंडे सूपमध्ये घालतात. आपल्याकडे हा वेल कुंपणावर माजतो आणि आपण फक्त तोंडली खुडतो. गोड पदार्थात टाकायचे पांदान हे आपल्याकडे भाताला वास यावा म्हणून लावतात तेच आंबेमोहोराचे पान. हिवाळ्यात कडुनिंबाचे कोवळे कळे उकडून, चिंच, ताडाचा गूळ आणि माशाच्या खारट पाण्याच्या गोड-आंबट चटणीबरोबर, भाजलेल्या माशासोबत खातात. पाडव्याला कडुनिंब आणि गूळ खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला हे ताट परके वाटत नाही.

तुळशीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पाककृतीतला नुसता ‘बेझिल’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. थाई स्वयंपाकात त्या कुळातल्या तीन वनस्पती आहेत आणि एकीची जागा दुसरी घेत नाही. ग्रीन करीत पडते ती होराफा, जांभळ्या देठाची, बडिशेपेच्या वासाची. मेंगलक लिंबाच्या वासाची, तिचे बी सब्जासारखे भिजवून खातात. आणि तिखट लवंगी वासाची कफ्राव ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या तुळशीचीच जात आहे. मिरची-लसणीवर परतलेल्या मांसात तिची पाने मूठभर टाकतात. रस्त्यावरच्या प्रत्येक खाणावळीत हा पदार्थ असतो. माझ्या घरी पुढच्या दारी वृंदावन आहे आणि मागच्या वाफ्यात कफ्राव आहे. पुढची पूजेची, मागची पानातली. मी वृंदावनातले पान कढईत टाकत नाही आणि कुणी टाकावे असेही म्हणणार नाही. पण कोणत्या पदार्थात नेमके कोणते पान लागते हे वाचकाला सांगायला हवे. म्हणजे ज्याला तुळस शिजवायची नाही तो तो पदार्थ सोडून देईल, किंवा समजून-उमजून होराफा घालेल.

आता विषाविषयी. थाई जेवणात ताटाच्या कडेला कच्च्या भाज्यांची रास असते: काकडी, कोबी, चवळीच्या शेंगा, कच्ची छोटी गोल वांगी, चिंचेचा पाला, आंब्याची कोवळी पालवीसुद्धा. ही सगळी चटणीत बुडवून खायची. शिजवणे नाही, सोलणे नाही. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातच भिनते, ते धुऊन जात नाही. म्हणून इथे फवारणीचा प्रश्न थेट जेवणाच्या ताटाचा आहे. थायलंडमध्ये त्यावर मोठा झगडा झाला. ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारी समितीने पॅराक्वाट (तणनाशक), क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक) आणि ग्लायफोसेट (तणनाशक) या तिन्हींवर बंदीचा निर्णय घेतला, पुढच्याच महिन्यात तो पुढे ढकलला, आणि अखेर 1 जून 2020 पासून पहिल्या दोघांवर बंदी आली. ग्लायफोसेट सुटले, त्यावर फक्त निर्बंध राहिले. क्लोरपायरीफॉस हे नाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला, वाळवीवर औषध मारणाऱ्याला नवे नाही. ज्या देशाचे जेवण आपण आवडीने शिकतो त्या देशाने कोणते विष ताटातून काढले, हेही त्या पाककृतीच्या शेजारी छापण्याजोगे आहे.

पा काहीही विकतचे फवारत नाहीत. मिरचीवर मावा दिसला की लाकडी कोळसा करताना धूर थंड होऊन मिळणारे तपकिरी, आंबट वासाचे पाणी पुष्कळ पातळ करून शिंपडतात. त्याला लाकडाचा व्हिनेगर म्हणतात आणि ते इथे सहज मिळते. मी त्याच्या जोडीला आपला निंबोळी अर्क वापरते. मक्रूत लिंबाच्या, म्हणजे सुवासिक पानांसाठी लावतात त्या थाई लिंबाच्या, कोवळ्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात, सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. सकाळी फिरून हाताने वेचल्या की काम भागते. आंब्यावरच्या लाल मुंग्यांना इथे कोणी मारत नाही. त्या किडी खातात, आणि त्यांची अंडी उन्हाळ्यात बाजारात चांगल्या भावाने विकली जातात.

खताची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मार्च महिन्यात चियांग माईवर धुराचे छत असते. डोंगरातले वणवे, शेतातले जाळलेले अवशेष. जगातल्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांच्या यादीत त्या दिवसांत हे शहर वरच्या क्रमांकावर जाते. घसा जळतो, मुलांना बाहेर सोडता येत नाही. इथल्याच माजो विद्यापीठाने पेंढा आणि पाला न जाळता खत करण्याची साधी रीत काढली आहे. घमेल्याने मोजून चार भाग पेंढा (किंवा तीन भाग पाला) आणि एक भाग शेण, असे पातळ थर दीड मीटर उंचीपर्यंत रचायचे. रोज पाणी मारायचे. दर दहा दिवसांनी काठीने भोके पाडून आत पाणी सोडायचे आणि भोके बुजवायची. ढीग उलथायचा नाही. आतली उष्ण हवा वर जाते, बाजूंनी ताजी हवा आत येते, आणि दोन महिन्यांत खत तयार. उलथण्याचे कष्ट नाहीत, म्हणून एकटी बाईसुद्धा करू शकते. कोकणात भातपिकाच्या तरव्यासाठी भाजावळ करताना आपण किती पाला आणि शेण जाळतो ते मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यातला थोडा जरी या ढिगात गेला तर परसाची माती काळी होईल. कुंडीसाठी इथे वर्षावृक्षाचा पाला आणि भाताच्या तुसाचा कोळसा मातीत मिसळतात. भातगिरणीजवळ राहणाऱ्यांना तूस मिळवणे अवघड नाही.

तर ती ग्रीन करी. ती मुळात मध्य थायलंडची, पण इथेही सगळीकडे होते. वाटण दगडी खलात करतात. धने, जिरे भाजून, पांढऱ्या मिऱ्यांबरोबर आधी कुटून बाजूला ठेवायचे. मग मीठ आणि हिरव्या मिरच्या, त्यावर गवती चहाचा कोंब, कुलंजन, मक्रूत लिंबाची किसलेली साल, कोथिंबिरीची मुळे. कठीण ते आधी, ओले ते नंतर, म्हणून छोटे कांदे आणि लसूण मागून. शेवटी कापी, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. कोथिंबिरीची मुळे आपल्याकडे जुडी निवडताना कचऱ्यात जातात, आणि थाई वाटणाचा खरा वास त्यांच्यात आहे. नारळाचा जाड रस मंद आचेवर तेल सुटेपर्यंत आटवायचा, त्यात वाटण परतायचे, मग पातळ रस, मासा किंवा कोंबडी, आणि छोटी वांगी. डब्यातल्या काही दुधांत घट्टपणासाठी पदार्थ घातलेले असतात, त्यांना तेल सुटतच नाही. ज्या घरात माड आहे तिथे हा प्रश्नच येत नाही. होराफा आणि मक्रूतची पाने आच बंद करताना.

शाकाहारी वाचकांसाठी: कापीऐवजी उत्तरेकडे आंबवलेल्या सोयाबीनच्या उन्हात वाळवलेल्या चकत्या भाजून कुटतात. शिवाय इथल्या चिनी वंशाच्या लोकांत साधारण नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस असा आहार पाळला जातो ज्यात कांदा-लसूणही वर्ज्य असते. दुकानांवर पिवळी निशाणे लागतात. आपल्या चातुर्मास पाळणाऱ्या घरांना त्यातले पदार्थ आवडतील. आणि ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी नाम फ्रिक नुम करावे. हिरव्या लांब मिरच्या, लसूण, कांदे निखाऱ्यावर भाजून, सोलून, मिठाबरोबर खलात ठेचायचे. आपल्या ठेच्याची ही सख्खी बहीण आहे, आणि उकडलेल्या दुधीबरोबर सुरेख लागते.

माझी आपल्याला विनंती अशी, की परदेशी पाककृती छापताना त्यातल्या प्रत्येक पानाचे, मुळाचे मराठी नाव द्यावे, ते आपल्याकडे कोणत्या हंगामात आणि कुठे उगवते ते सांगावे. एखादा रकाना दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकारांकडून लिहून घेता येईल. पाकिटाचा उल्लेख वाटल्यास शेवटी यावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. गावी येताना मक्रूत लिंबाचे रोप घेऊन ये, असे मला पुष्कळ जणी सांगतात. मी आणत नाही आणि कोणीही आणू नये. भारताच्या 2003 च्या आयात-निर्बंध आदेशानुसार परवाना आणि तपासणीशिवाय रोप आणता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग हा रोग पानावरच्या बारीक किड्यातून आणि रोगट कलमातून पसरतो. नागपूरच्या संत्र्याला त्याचा उपद्रव आधीच आहे, त्यात आपल्या सामानातून भर नको. मक्रूतची कलमे भारतातल्या रोपवाटिकांत मिळतात. ती मिळेपर्यंत कागदी लिंबाचे कोवळे पान मधली शीर काढून अगदी बारीक चिरून घालावे. आणि कलम आणलेच तर पहिल्या पावसाचा जोर ओसरल्यावर उंचवट्यावर लावावे, कारण आपल्या कोकणच्या पावसात पाणी साचले की लिंबाची मुळे कुजतात.

आपली,
एक वाचक
सारफी, चियांग माई, थायलंड
(मूळ गाव : तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग)