हर्स्टचं नाव पाहून शिफ्टर घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन मसल कारवरचा, म्हणजे दणकट इंजिनांच्या गाड्यांवरचा, आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. इंजिनांचा भाग तर दोनदा वाचला. पण त्यातल्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. ‘मॅन्युअल गिअरचा शिफ्टर हवा असेल तर हर्स्टचा घ्यावा, तो कुठल्याही गाडीला बसतो,’ असं लेखकांनी म्हटलं आहे. शिफ्टर म्हणजे गिअर बदलायची दांडी आणि तिची यंत्रणा, आणि हर्स्ट ही ते बनवणारी अमेरिकन कंपनी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि नोकरी सांभाळून याच गाड्यांचे गिअरबॉक्स उघडतो, जोडतो. इथली मराठी तरुण मंडळी हल्ली हौसेने अशा गाड्या घेऊ लागली आहेत. त्यांनी या वाक्यावर विसंबून खरेदी केली तर त्यांचे डॉलर पाण्यात जातील.

हर्स्टचं नाव मोठं आहे, त्यात वाद नाही. १९६४ मध्ये पॉन्टियाक जीटीओ ही गाडी आली तीच कारखान्यातून हर्स्टचा शिफ्टर लावून. पण हातात येते ती दांडी म्हणजे अख्खा शिफ्टर नव्हे. दांडीखाली मूळ यंत्रणा, ती गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला धरून ठेवणारी प्लेट, तिथून निघणारे तीन रॉड, गिअरबॉक्सवरचे तीन लीव्हर, शिवाय बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) आणि क्लिपा. यंत्रणा बऱ्याच गाड्यांत जवळपास सारखी असते. बाकीचं सगळं गाडी, वर्ष आणि गिअरबॉक्स यांप्रमाणे बदलतं. लांब बाकासारखी सीट असलेल्या गाडीची दांडी वेगळ्या वळणाची, बकेट सीटवालीची वेगळी. रॉडचा बाक थोडा चुकला तरी तो गाडीच्या तळाला घासतो किंवा गिअर अर्धवट पडतो.

म्हणून शोध शिफ्टरपासून नव्हे, गिअरबॉक्सपासून सुरू करावा. गाडीखाली शिरून डाव्या बाजूचं झाकण बघायचं. जनरल मोटर्सच्या गाडीत झाकणाला सात बोल्ट असतील आणि तिन्ही लीव्हर झाकणातूनच बाहेर येत असतील, तर तो सॅगिनॉ नावाचा गिअरबॉक्स. सात बोल्ट, पण झाकणातून दोनच लीव्हर आणि रिव्हर्सचा लीव्हर मागच्या भागात, तर तो मन्सी. नऊ बोल्ट दिसले तर बोर्ग-वॉर्नरचा टी-१०. फोर्डच्या टॉपलोडर गिअरबॉक्सचं झाकण वरच्या बाजूला असतं आणि बाजू सपाट दिसते, त्यामुळे तो ओळखायला सोपा. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात आणि दिशाभूल करणाऱ्या निम्म्या जाहिराती तिथेच बाद होतात.

मन्सी ठरला तरी काम संपत नाही. १९६३ ते ६८ च्या मन्सीत लीव्हर ज्या दांड्यावर बसतो त्याला बाहेरून आटे असतात आणि वर नट लागतो. १९६९ पासून त्याच दांड्याला आतून आटे आले आणि नटाऐवजी बोल्ट. लीव्हरही त्याबरोबर बदलले. माझ्या ओळखीच्या एका मुलाने १९६८ च्या शेव्हेलसाठी (ही जनरल मोटर्सची शेव्हरोले गाडी) ‘हर्स्ट, मन्सीचा पूर्ण सेट’ अशी जाहिरात पाहून माल मागवला. खोक्यातून यंत्रणा चांगली निघाली, पण लीव्हर १९६९ नंतरचे होते. विकणाऱ्याचं म्हणणं, मन्सी तो मन्सी. त्या शेव्हेलला कारखान्यातून हर्स्ट कधी नव्हताच. तिच्यावर मन्सीचाच शिफ्टर यायचा, शेव्हरोलेच्याच कमॅरोवरही १९६८ पर्यंत तोच. दोघींना हर्स्ट मिळाला तो १९६९ मध्ये. गाडी मूळ रूपात आणायची असेल तर त्या मुलाला हर्स्ट हवाच नव्हता, आणि चालवायला सोपा म्हणून हवा असेल तर निदान लीव्हर तरी त्याच्या सालाचे हवे होते. हे त्याला विकण्याआधी कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग आहे.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही सांगायला हवं. ‘१९६९ ची डॉज, मूळ शिफ्टरसह’ अशी ओळ खाली आहे आणि चित्रात मात्र पिस्तुलाच्या मुठीसारखी लाकडी दांडी दिसते. डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरने ती मूठ १९७० च्या मॉडेलपासून दिली. कुणीतरी नंतर बसवलेली ती दांडी दिसायला सुंदर आहे, पण मूळची नाही.

इथल्या कार्लाइल आणि हर्शी गावांतल्या सुट्या भागांच्या बाजारात जाणाऱ्यांना माझं सांगणं, दांडी आधी उलटी करा. हर्स्टच्या दांडीच्या बुडाशी, यंत्रणेला बोल्ट लागतात त्या टोकाजवळ, ठोकलेला आकडा असतो. रॉडवरही आकडे असतात, फक्त गंज आणि रंगाखाली गेलेले. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, तिरका प्रकाश टाका, फोटो काढा आणि आपल्या गाडीच्या भागांच्या आकड्यांच्या यादीशी जुळवा. विकणारा आकडा दाखवायला का-कू करत असेल तर पुढच्या टेबलाकडे जा. मग यंत्रणेच्या तळाचं भोक बघा. हर्स्टचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर न्यूट्रलमध्ये असताना पाव इंची सळी त्यातून आरपार गेली पाहिजे. ती अडत असेल तर आतले भाग झिजलेत किंवा वाकलेत. रॉड अडकतात ती भोकंही बघा. नव्या भागात ती गोल असतात, दमलेल्या भागात अंड्यासारखी लांबट. तिथे नवं बुश घालून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा खुळखुळ सुरू होते.

एक भाग मात्र लोक सर्रास फेकून देतात, त्याची हळहळ वाटते. १९६९ पासून जनरल मोटर्सने इग्निशनचं कुलूप स्टिअरिंग कॉलमवर नेलं आणि मॅन्युअल गाडीत रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघणार नाही अशी सोय केली. त्यासाठी रिव्हर्सच्या लीव्हरपासून कॉलमपर्यंत एक रॉड जातो. नवा शिफ्टर बसवताना तो अडचण म्हणून काढतात आणि भंगारात टाकतात. पुढे गाडी मूळ रूपात आणू म्हणणारा तोच रॉड शोधत फिरतो. घरात, गॅरेजमध्ये असा एखादा पडला असेल तर त्याला चिठ्ठी बांधून गाडीचं साल आणि मॉडेल लिहून ठेवा.

लेखकांना माझी विनंती आहे, पुढच्या भागात ‘कुठल्याही गाडीला बसतो’ हे वाक्य दुरुस्त करावं आणि शक्य झालं तर एखाद्या दांडीच्या बुडाचा, आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो छापावा. तसे फोटो माझ्याकडे आहेत, मागितलेत तर लगेच पाठवतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पिट्सबर्ग, अमेरिका