कापसाचा बर्फ नको, वहिनी

टोरांटो
२३ नोव्हेंबर

सौ. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आमच्या बालवाडीसाठी डिसेंबरचा थीम-चार्ट पाठव की, तू तर बर्फातच असतीस." तेव्हा मी बसमध्ये उभी होते आणि तुमचा तवा तापलेला होता, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. आज रविवार, बाहेर नुसती भुरभुर चाललीय. निवांत लिहिते. कागदाचा फोटो दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, खरं पत्र मागून येईल. आईला ते हातात धरून वाचायचं असतं.

आधी तुम्ही पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या फोटोबद्दल. रागावू नका. भिंतीवर कापसाचा बर्फ, थर्माकोलचे पेंग्विन, गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस. सुबक झालंय सगळं, तुमच्या हाताला वळण आहेच. पण खाली कोपऱ्यात एक पोरगं उसाचं कांडकं दातानं सोलत बसलंय, बघितलंत? भिंतीकडं त्याची पाठ. मी त्या पोराचाच फोटो मोठा करून बघत बसले. शिवाय पेंग्विन आमच्याकडंही नसतात हो. ते दक्षिण गोलार्धातले, डिसेंबरात त्यांच्याकडं उन्हाळा! तुमच्या भिंतीवर ते कुठल्या हिशोबानं आले कोण जाणे. संस्थेनं छापील चार्ट दिला असेल तर तुमचा दोष नाही.

आमच्याकडं बर्फाची थीम चालते, कारण बर्फ दाराशी असतो. आमच्या वर्गात २६ पोरं, चार आणि पाच वर्षांची एकत्र, एक टीचर आणि जोडीला मी. उणे दहातही मधल्या सुट्टीला बाहेर जायचं असतं. आधी स्नोपँट, मग बूट, मग कोट, टोपी, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. मोजे आधी चढवले की चेन लागत नाही, हे मी पहिल्या हिवाळ्यात २६ वेळा शिकले. कोटाची युक्ती मात्र मजेची आहे. कोट जमिनीवर उताणा पसरायचा, गळ्याची बाजू पायाशी. पोरानं वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि कोट डोक्यावरून मागं टाकायचा. झालं! पहिल्यांदा जमतं तेव्हा पोराचं तोंड असं होतं, जसं कुस्ती मारली. हा आमचा हिवाळ्याचा पहिला धडा, आणि तो कुठल्याच चार्टवर नसतो. तुमच्याकडं स्वेटरची बटणं आहेत, कानटोपीचे बंद आहेत. घाई असली तरी पोरांनाच लावू द्या. बोटांना ताकद येते ती तिथं, पेन्सिल नंतर.

गेल्या जानेवारीत आम्ही एक बादली ताजा, भुसभुशीत बर्फ वर्गात आणून ठेवला. काठाशी खडूनं रेघ मारली. जेवणानंतर बघतो तर तळाला थोडंसं पाणी. एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणी प्यायलं?" चौकशी सुरू झाली, दोघांवर आरोपही झाले. मग दुसरी बादली आणून सगळे पाळत ठेवून बसले. बर्फात हवाच जास्त, म्हणून दहा इंच बर्फाचं जेमतेम इंचभर पाणी होतं. पण पोरांना त्याहून मोठा शोध लागला. तळाशी काजळी, पानाचे तुकडे आणि एक खडा होता. त्या दिवसापासून मैदानातला बर्फ खाणं बंद झालं. मी तीन आठवडे ओरडून जमलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात बर्फ कुठला? नकोच आहे. तुमच्या न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आठवा. डिसेंबरच्या सकाळी थिजून पांढरी झालेली, आई ती उन्हात ठेवायची आणि आम्ही शाळेला उशीर करायचो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे तुमच्याकडची प्रत्येक पहाट प्रयोगशाळाच झाली. तीन वाट्यांत थोडंथोडं थिजलेलं खोबरेल घ्या. एक उन्हात, एक सावलीत, एक पोरांच्या हाती, मुठीत धरायला. आधी कुठली वितळेल? ज्याला जी वाटेल तिच्यापुढं त्यानं एक चिंचोका ठेवायचा. चिंचोके मोजले की गणित झालं. शेजारी शेंगतेलाची वाटी ठेवा. ते का थिजत नाही, असं कुणीतरी विचारेलच. उत्तर लगेच देऊ नका, दोन दिवस तसंच राहू द्या.

आणि शब्द! पाणी गोठतं, तूप थिजतं, दूध विरजतं. आमच्या पोरांना गोठणं आणि थिजणं या दोहोंना एकच शब्द. तुमच्याकडं भांडार भरलेलं आहे आणि तुम्ही भिंतीवर 'स्नोमॅन' लिहिता.

खरा विषय उसाचा आहे. कोल्हापूरचा हिवाळा म्हणजे गुऱ्हाळ, यात काही वाद आहे का? पन्हाळ्याच्या वाटेवर एखादं चालू असेल तर पोरांना एकदा न्या. रस उकळतो त्या काहिलीपासून लांब दोरी बांधा, आणि प्रत्येक पाच पोरांमागं एक मोठं माणूस. तिथं काही शिकवू नका. नाक उघडं ठेवू दे. परत आल्यावर उसाची पेरं मोजा, पेरावरचा एक डोळा मातीत पुरून मोड कधी येतो ते बघा, आणि शाडूचे लहान-मोठे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, करून ओळीत लावा. इथं मार्चमध्ये मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा ऊब, असे दिवस लागतात. त्या ४० लिटर रसाचा आटून १ लिटर पाक होतो. आमची पोरं नाकं वर करून त्या वाफेचा वास घेत होती आणि मी एकटीच मनात काकवीला भाकरी लावत होते.

ऊस म्हटलं की तोडकरीही आले. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, पालं पडतात, आणि त्यांची पोरं मधेच तुमच्या दारात उभी राहतात. गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, "चार महिन्यांसाठी कशाला बसवायची?" वहिनी, ते मला लागलं, कारण माझ्या वर्गातही नवं पोर वर्षाच्या मधोमधच येतं आणि त्याला इथलं काहीच कळत नसतं. त्या पोरांना कोयत्याचे, मोळीचे, बैलगाडीचे शब्द तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येतात. उसाच्या आठवड्यात त्यांनाच सांगू दे. तुम्ही फक्त ऐका आणि खडूनं फळ्यावर काढा.

आखणी कशी करायची म्हणाल तर, पहिल्या वर्षी मी चूक केली. रविवारी बसून चार आठवड्यांचे रकाने भरले, शेवटच्या शुक्रवारपर्यंत. सोमवारी बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आली, सगळी पोरं काचेला नाक लावून बसली, आणि मी मात्र पेंग्विनच्या वेशात वर्गात उभी. होय, मीही तेच करत होते! आता मी आठवड्याला एकच प्रश्न लिहिते, तीन दिवस आखते आणि दोन दिवस मोकळे ठेवते. मिठाच्या गाडीवरून मग आम्ही बर्फाच्या लाद्यांवर मीठ टाकून बघितलं, रंगाचं पाणी ओतलं, भोकं पडताना बघितली. आखलेल्या कशापेक्षा ते रंगलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हेच सामान होतं. मला इथल्या ट्रेनिंगमध्ये तेच 'लूज पार्ट्स' म्हणून नव्यानं शिकवलं, आणि मी शहाण्यासारखी मान डोलावली.

संक्रांतीचं तुम्ही करालच. फक्त एक सांगते, बोरन्हाणात बोरं, शेंगदाणे, हलवा लहान पोरांवर उधळला की ती वेचून थेट तोंडात घालतात. तीन-चार वर्षांच्या पोराच्या घशात बोराची बी अडकायला वेळ लागत नाही. चुरमुरे घ्या, उसाचे करवे चघळायला मोठ्यांनाच द्या. इथं तर मला वर्गात तीळ नेताही येत नाही, अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत. गेल्या जानेवारीत मी तिळगुळाची वडी डब्यातच ठेवून, बसथांब्यावर एकटीनं खाल्ली. स्वतःलाच म्हटलं, गोड बोल.

आता माझं काम. २१ डिसेंबरच्या आसपास, शाळेचा दिवस बघून, दुपारी साडेबाराला अंगणात १ मीटरची काठी सरळ उभी करा. पोरांना तिच्या सावलीएवढा दोरा तोडू दे. तुमचा दोरा काठीहून आखूड भरेल, ८४ सेंटिमीटरच्या जवळपास. त्याच आठवड्यात आम्हीही तोडणार, ढगांनी कृपा केली तर. आमची सावली सव्वादोन मीटरच्याही पुढं जाते, कारण सूर्य इथं भर दुपारीही खालीच असतो आणि पावणेपाचला मावळतो. दोन्ही दोरे शेजारी ठेवले की माझ्या पोरांना कोल्हापूर कुठं आहे ते दाखवायला नकाशा लागणार नाही.

तुमचा दोरा पाकिटात घालून पाठवा. संक्रांतीनंतर त्याच वेळी पुन्हा एक तोडा, थोडा आखूड झाला का बघा. सोबत अर्धा किलो काळा मसाला आणि आईनं कुटलेली शेंगांची चटणी. दादाला म्हणावं, वजन झालं तर चटणी काढू नकोस, माझ्यासाठी घेतलेला स्वेटर काढ. इथं स्वेटरला काही तोटा नाही.

आईला नमस्कार, पोरांना गोड पापा. आणि त्या उसाच्या कांडक्यावाल्या पोराचं यंदा काय चाललंय, ते नक्की कळवा.

तुमची
नणंदबाई