पान ठेवू की काढू?

प्रिय मन्या,

तुझं पत्र कधीचं पडून आहे आणि आज लिहितोय तेही काचेच्या टाकीत पाळलेल्या कोळंब्यांपायी. शिव्या भेटल्यावर घाल. गुडघा बरा, साखर आटोक्यात, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. संपली तब्येत.

घरात हे कुणाशी बोलायची सोय नाही. "पान काढून टाक आणि झोप," एवढंच ऐकायला मिळतं. इतकं सोपं असतं तर तुला कशाला लिहिलं असतं?

कोळंब्यांसाठी टाकीत घालतो ती बदामाची वाळकी पानं मी कुठून वेचतो ते तुला ठाऊक आहे. त्या झाडाला अळी लागली म्हणून औषध मारलंय. कधी, ते कुणी धड सांगत नाही. कुठलं, ते मारणाऱ्यालाही माहीत नाही. माझ्या डब्यात आधीची आणि नंतरची पानं एकत्र झालीयत. सगळी सारखीच तपकिरी, सारखीच कुरकुरीत. टाकीत सध्या आहे ते पान कुठलं?

तू म्हणशील, उकळतोस ना? मी उकळतो, आणि त्यावरून "सत्त्व घालवतोस" म्हणून तू मला वर्षानुवर्षं छळलंयस. पण झाडाच्या रसात भिनणारं औषध असेल तर ते पानाच्या आतच असतं, धुऊन किंवा उकळून त्याचा भरवसा धरता येत नाही. अळी आणि कोळंबी लांबची भावंडं आहेत, दोघी कात टाकून वाढतात; एकीचं विष दुसरीला चालेलच कसं? "निंबोळीचा अर्क असेल, नैसर्गिक असतो," असं बापू म्हणाला. अरे, कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं! नैसर्गिक म्हणे. गप्पी मजेत फिरतायत, त्यावरही जाता येत नाही. मासे जे पचवतात ते कोळंबीला पचेलच असं नाही. गोगलगायींचंही तेच.

खरी परीक्षा डासांच्या अळ्यांवर होईल. बाटलीत पाणी, पान आणि अळ्या. फक्त मी घरात मुद्दाम डास पाळतोय हे कळलं तर मलाच टाकीशेजारी झोपावं लागेल.

आणि हे सगळं नेमकं आत्ता. थोरली लाल मादी पोटाखाली अंडी धरून बसलीय, अंड्यांत डोळ्यांचे ठिपके दिसायला लागलेत, म्हणजे आता फार दिवस नाहीत. पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची, लांब भटकत नाहीत, जिथे असतील तिथेच चरतात. ते पान आता कुठे मुरून बुळबुळीत झालंय, थर धरलाय. आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास कोळंबी पान खाते, मी म्हणायचो पान हे ताट आहे, जेवण त्यावरचा जिवाणूंचा थर. अजूनही माझंच बरोबर आहे. मऊ पडल्यावर पानही कुरतडतात, जाळीदार शिरा तेवढ्या उरतात, इतकं तुझं मान्य. आता सांग, भरलेलं ताट पिल्लं यायच्या तोंडावर उचलायचं?

पानाऐवजी पालक घाल, असं मात्र सुचवू नकोस. तू रात्रभर ठेवलेल्या पालकानं तुझ्या टाकीचं काय झालं होतं ते नाना अजून सांगतो.

हो, तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीचा निकाल कळला, पोरगी बापावर गेली नाही हे बरं. वहिनींना नमस्कार.

तर माझं असं ठरत आलंय: पान काढायचं. स्पंज फिल्टरवरही थर असतोच, तो आता अजिबात पिळायचा नाही, पिल्लं त्यावर तगतील. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालायचा, काही उतरलं असेल तर बरंचसं तो शोषेल. पानांमुळे पाण्याला आलेला चहासारखा रंगही तो खाईल. तुला वाईट वाटेल, कारण तुझ्या मते त्या रंगानं लग्नं सोडून सगळं जमतं. कुंडीतल्या तुतीवर मी कधीच काही मारलेलं नाही, तिची दोन पानं उकळत्या पाण्यातून काढून टाकीत सोडतो. डबा मात्र सगळाच फेकायचा, हे जिवावर येतंय.

यात कुठे चुकतोय का, ते लगेच कळव. आणि तुझ्याकडे बदामाची जुनी, आपोआप गळलेली पानं असतील तर पाठव. निवडून पाठव पण, मागच्या वेळी तुझ्या पुडक्यात कण्हेरीचं पान निघालं होतं.

तुझा,
दिल्या