इटलीवरून परतायचं असेल तर आधी बॅगा मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इटलीवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण तो सगळा लेख पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या पोरांसाठी आहे. सांगली-मिरजेकडनं जाणारी मंडळी वेगळी असतात हो, म्हणजे आमच्यासारखी साठीच्या पुढची, लेक न्यू जर्सीत, तिच्याकडं चार-पाच महिने राहायचं आणि निघताना जावई म्हणणार आई-बाबा जाता जाता रोम-व्हेनिस बघून जा की. कल्पना चांगलीच आहे, आम्हीही तसंच आलो, पण लेखातल्या प्लॅननं आलो असतो तर पंचाईत झाली असती.

एक तर व्हिसा. पोरांना वाटतं शेंगेन व्हिसा (इटली धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) अमेरिकेत काढू, कारण त्यांना तिथं मिळतो, पण टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आई-बापाचा अर्ज तिथली इटालियन कॉन्सुलेट सहसा घेत नाही, मुंबईतूनच काढून जायला लागतो. त्यात अर्ज इटलीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, वर पासपोर्ट हातात यायला काही आठवडे जातात, म्हणजे लेकीकडं पूर्ण सहा महिने राहून मग इटली हे गणितच बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. लेखात लिहिलंय मिलानला उतरा आणि रोमहून परत फिरा, उलटा प्रवास वाचतो. बरोबर आहे, पण हातात एक बॅग असेल तर. आम्ही अमेरिकेतनं येतो तेव्हा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, चॉकलेटं, नातवंडांचे जुने कपडे, शेजारणीच्या मुलानं दिलेला मिक्सर, आणि हे सगळं घेऊन फ्लॉरेन्सला गाडी बदलायची? तिकडं हमाल सहसा मिळत नाही, डब्याच्या पायऱ्या आपणच चढायच्या, आणि व्हेनिसला स्टेशनाबाहेर पडलं की पूल आणि पायऱ्याच पायऱ्या. त्यापेक्षा रोमलाच उतरा आणि रोमहूनच मुंबईचं विमान धरा. रोमा टर्मिनी स्टेशनावर सामान ठेवायची सोय आहे, मोठ्या बॅगा तिथं टाका आणि छोटी पिशवी घेऊन फिरा. फ्लॉरेन्स दीड तास, तिथनं व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर, परत रोमला जवळपास चार तास. एवढा उलटा प्रवास परवडतो. विमानाचं मात्र अमेरिका-रोम आणि रोम-मुंबई एकाच तिकिटावर घ्या, वेगवेगळी घेतली तर बॅगांचे नियमही वेगवेगळे लागतात, आणि युरोपच्या स्वस्त तिकिटात कधी कधी चेक-इन बॅग धरलेलीच नसते.

उतरायच्या दिवशी फास्ट गाडीचं स्वस्त तिकीट काढून ठेवू नका, हे मी सगळ्यांना सांगते. न्यू जर्सीतल्या नेवार्कहून संध्याकाळी निघालेलं विमान सकाळी रोमला पोचतं, कागदावर वाटतं की अकराची फ्रेच्चारोसा (म्हणजे तीच फास्ट गाडी) सहज मिळेल, पण विमान लेट झालं, इमिग्रेशनला रांग लागली (आता बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात) की गाडी गेली, आणि सुपर इकॉनॉमी, म्हणजे त्या स्वस्त तिकिटाचे पैसे परत येत नाहीत, विमान कंपनी त्याला जबाबदार नसते. आमच्या ओळखीतल्या एकांना एजंटनं असंच पॅकेज करून दिलं होतं, चौघांची तिकिटं वाया गेली, आणि एजंट म्हणे तुम्ही हळू चाललात! त्या दिवशी रोमलाच मुक्काम करावा. विमानतळावरनं लिओनार्डो एक्सप्रेस ३२ मिनिटांत टर्मिनीला सोडते, १४ युरो, ठराविक गाडीचं बंधन नाही.

बारीकसारीक बरंच आहे. ट्रेनइटालिया आणि इटालो या दोन वेगळ्या कंपन्या एकाच रुळावर धावतात, एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. व्हेनिसला मेस्त्रे आणि सांता लुचिया ही दोन स्टेशनं, मिरज-सांगलीसारखी, मेस्त्रेला उतरलात तर कालवे दिसणार नाहीत, पण हॉटेल तिथं स्वस्त. साध्या पॅसेंजरचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर दंड. आणि जावई अमेरिकन साइटवर बुकिंग करत असेल तर तारीख बोलून घ्या, तिकडं ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल, इटलीत तेच ४ मे.

रेल्वेचा संपही होतो तिकडं, बऱ्यापैकी वरचेवर, पण आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या संपातही चालवाव्याच लागतात, पण व्हेनिसहून रोमला यायला लांबची फास्ट गाडी लागते, म्हणून मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री रोममध्येच असावं, व्हेनिसात नाही.

पुरवणीत पुन्हा इटली घेणार असाल तर व्हिसाच्या तारखा आणि सामान यावर अर्धं पान तरी द्या, कोलोसियमचा फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली